जिंकेल त्याचं मशीन

फायटिंग गेम हा दोघांचा खेळ. संघ नाही, पत्ते पिसणं नाही, फासे नाहीत. एकच पडदा, एकच घड्याळ आणि हरलं तर बोट दाखवायला तिसरं कुणी नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका गेम पार्लरमध्ये ‘किंग ऑफ फायटर्स ९७’वर मला याची गोडी लागली. पुढे ‘टेक्केन’ आला, आता ‘स्ट्रीट फायटर ६’. नोकरीसाठी पुण्याला आलो तरी खेळ सुटला नाही. रविवारी आम्ही काही जण एकत्र जमतो, कॉलेजची मुलं येतात, त्यांना हाताशी धरून शिकवतो. त्यांना जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं, ते एकदा नीट लिहून काढावं असं बरेच दिवस मनात होतं.

१. रांगेत उभं राहून शिका

पार्लरचा नियम साधा होता. जिंकला तो खेळत राहणार. हरला त्याने उठायचं आणि पुन्हा नंबर लावायचा. त्यामुळे चांगल्या खेळाडूचा एक रुपया दुपारभर पुरायचा आणि नवख्याचा तीन मिनिटांत संपायचा. ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, त्यालाच सगळ्यात कमी खेळायला मिळायचं. पण त्याची भरपाई रांगेत व्हायची. मशीनभोवती आठ-दहा डोकी कायम असायची आणि खेळणाऱ्याच्या सवयी खेळणाऱ्याच्या आधी रांगेला पाठ व्हायच्या. इओरी हे पात्र घेऊन खेळणारा एखादा लाइफ कमी झाली की हटकून उडी मारायचा. “आता उडतोय बघ ह्यो,” असं मागून कुणीतरी म्हणायचं आणि तो खरंच उडायचा.

आजची मुलं मोठ्या खेळाडूंचे व्हिडिओ बघतात, पण जिंकणाऱ्याचे कॉम्बो, म्हणजे एकापाठोपाठ बसवलेले वार, बघतात. मी त्यांना हरणाऱ्याकडे बघायला सांगतो. तीन वेळी माणूस हमखास तेच ते करतो: लाइफ संपत आली की, पडून उठताना, आणि एकच मार लागोपाठ दोनदा खाल्ल्यावर. या तीन जागांवर नजर ठेवली की कुठलाही सामना वाचता यायला लागतो.

२. डोळ्यांच्या आधी अंदाज पोहोचला पाहिजे

हे खेळ सेकंदाला ६० फ्रेमच्या गतीने चालतात. ‘स्ट्रीट फायटर ६’मधले सर्वांत जलद ठोसे चार फ्रेममध्ये लागतात, ‘टेक्केन’मधला साधा जॅब दहा फ्रेममध्ये. पडद्यावर काहीतरी दिसल्यापासून बोट हलेपर्यंत चपळ माणसालाही साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, म्हणजे बारा फ्रेम. हिशेब सरळ आहे. असा ठोसा बघून अडवणं कुणालाच शक्य नाही. ज्याने तो अडवला, त्याने तो येणार हे आधीच ताडलेलं असतं.

२००४ साली कॅलिफोर्नियात पोमोना इथे झालेल्या इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेतला दाइगो उमेहारा आणि जस्टिन वाँग यांचा सामना या खेळातल्या प्रत्येकाने पाहिलेला असतो. गेम ‘स्ट्रीट फायटर ३: थर्ड स्ट्राइक’. दाइगोकडे केन हे पात्र, जस्टिनकडे चुन-ली. दाइगोची लाइफ केसाएवढी उरलेली. चुन-लीची सुपर, म्हणजे तिचा सर्वांत मोठा वार, नुसती अडवली तरी त्या अडवण्यातून झिरपणाऱ्या माराने केन मेला असता. या गेममध्ये ‘पॅरी’ नावाची सोय आहे: वार अंगावर येईल त्या नेमक्या क्षणी जॉयस्टिक मागे ओढण्याऐवजी पुढे, वाराच्या दिशेने ढकलायची. जमलं तर काहीच मार बसत नाही, चुकलं तर सगळा बसतो. जस्टिनने सुपर सोडली. दाइगोने पंधराच्या पंधरा लाथा एकेक करून पॅरी केल्या, शेवटची तर हवेत उडून, आणि तिथूनच खाली येत स्वतःचा कॉम्बो लावून राउंड घेतला.

लोक त्यातल्या बोटांचं कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण मला त्यातली पहिली लाथ सर्वांत मोठी वाटते. सुपर सुटताना पडदा क्षणभर थबकतो, आणि ते थबकणं पाहून हात हलवला तर पहिल्या लाथेला उशीर झालेला असतो. म्हणजे दाइगोने ती सुपर सुटायच्या आधीच ओळखली होती. समोरचा आघाडीवर आहे, त्याला आता फक्त एक स्पर्श हवा आहे, तो मोह आवरणार नाही, हे त्याने जस्टिनच्या खेळातून वाचलं. बाकीच्या चौदा लाथा सरावाने जमतात. ही एक माणूस ओळखल्याशिवाय जमत नाही. त्या स्पर्धेचं विजेतेपद मात्र दाइगोला मिळालं नाही. अंतिम फेरीत तो केओ या जपानी खेळाडूकडून हरला. लक्षात राहिला तो आधीचा सामना.

३. थ्रो मारणं म्हणजे चीटिंग नव्हे

आमच्या पार्लरमध्ये थ्रो मारला की आरडाओरडा व्हायचा. जवळ जाऊन पकडून आपटणं म्हणजे रडीचा डाव, असं पोरांनी आपसात ठरवून टाकलं होतं. ही समजूत जगभरातल्या पार्लरमध्ये होती आणि अजूनही पुरती गेलेली नाही. मागे माझा भाचा ऑनलाइन हरल्यावर वैतागून म्हणाला, “मामा, ह्याला थ्रोशिवाय काही येतच नाही!” मी म्हटलं, “मग त्याला तो एक थ्रो मारू देऊ नकोस. बघू त्याच्याकडे आणखी काय आहे.”

थ्रो काढून टाकला तर हा खेळच उरत नाही. ब्लॉक करणाऱ्यापुढे ठोसा चालत नाही, म्हणून थ्रो लागतो. थ्रो मारायला येणाऱ्याला ठोसा आधी लागतो, म्हणून ठोसा लागतो. या तीन गोष्टी एकमेकींना धरून उभ्या आहेत. आणि खरी गंमत त्याच्या पुढे सुरू होते. समोरचा थ्रो मारणार असं वाटलं की आपणही त्याच क्षणी थ्रोची बटणं दाबून सुटका करून घेतो. हे ओळखून चांगला खेळाडू थ्रोला येतोय असं भासवतो आणि अर्धं पाऊल मागे सरकतो. आपला हात हवेतच राहतो आणि त्या उघड्या क्षणात तो सगळ्यात मोठा कॉम्बो लावतो. हे एकदा खाल्लं की पुढच्या वेळी आपण सुटकेची बटणं दाबायला कचरतो. मग तो निवांत येऊन थ्रो मारतो. दोन सरळ डाव, पण कुठला कधी हे ठरवायला समोरच्याच्या मनातली भीती मोजता यावी लागते.

थ्रोला नावं ठेवणारा मुलगा हा सगळा मजला न बघताच परत जातो, याचं मला वाईट वाटतं.

४. अंतर सांभाळा

लांबून बघणाऱ्याला वाटतं, दोघं नुसतेच मागेपुढे करताहेत. आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात खडाखडी चालते ना, हात झटकणं, मान दाबून बघणं, पकड घ्यायची आणि सोडायची, अगदी तेच इथे चाललेलं असतं. जाणता प्रेक्षक तेव्हाच पुढे सरसावून बसतो.

यातलं काम लाथेच्या लांबीचं आहे. समोरच्याची सर्वांत लांब लाथ जिथे संपते त्याच्या बोटभर बाहेर उभं राहायचं. त्याने लाथ मारली, ती हुकली, तर ती परत घेईपर्यंतचा क्षण आपला. ‘स्ट्रीट फायटर’मधल्या र्यूचा डाव याच हिशेबावर रचलेला आहे. तो लांबून हाडोकेन, म्हणजे ऊर्जेचा गोळा, सोडतो. समोरचा अडवून अडवून कंटाळतो आणि उडी मारतो. उडी जवळजवळ पाऊण सेकंदाची असते, तेवढ्यात शोर्युकेन, म्हणजे वर उसळून मारलेला ठोसा, सहज निघतो. प्रेक्षकाला शोर्युकेन दिसतो. सामना आधीच्या हाडोकेनने जिंकलेला असतो. त्या उडीसाठी समोरच्याला तयार करणं हेच कौशल्य, आणि ते शिकायला मला कॉम्बो शिकण्यापेक्षा कितीतरी जास्त काळ लागला.

५. लक्ष मोजूनमापून वापरा

‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये ड्राइव्ह इम्पॅक्ट नावाचा एक जड वार आहे. तो लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे बघून उत्तर देण्याइतका वेळ नक्की मिळतो. उत्तरही सोपं: आपण तोच वार उलटा मारायचा. तरीही चांगले चांगले खेळाडू तो खातात. नुसता त्याचीच वाट बघत बसलात तर दहापैकी दहा वेळा पकडाल. पण त्याच वेळी उडीवर नजर आहे, थ्रोची धास्ती आहे, हाडोकेन चुकवायचाय, घड्याळ संपत आलंय, अशी पाच व्यवधानं डोक्यात असली की २६ फ्रेम कधी गेल्या ते कळत नाही.

म्हणून हुशार खेळाडू वार करण्याआधी समोरच्याचं डोकं भरून टाकतो. कधी उगाच पुढे धावून येतो, कधी काहीच करत नाही. आणि बचाव करणाऱ्याने दर क्षणी ठरवायचं असतं की आत्ता या अंतरावर कुठल्या दोनच गोष्टींची काळजी करायची आणि बाकीच्या सोडून द्यायच्या. सगळंच अडवायला जाणारा सगळंच खातो.

६. दोन्ही बाजूंनी सराव करा

हा मुद्दा छोटा, पण नवखे इथेच अडतात. शोर्युकेनसाठी पुढे, खाली, मग खाली-पुढे असा तिरका आणि ठोसा. पात्र डाव्या बाजूला असताना हे जमलं की मुलं खूश होतात. सामन्यात समोरचा डोक्यावरून उडी मारून पलीकडे गेला की ‘पुढे’ची दिशा बदलते आणि हात गोंधळतो. टेक्केनमध्ये मिशिमा घराण्याच्या पात्रांचा ‘इलेक्ट्रिक’ ठोसा असाच आहे. त्यात बटण आणि जॉयस्टिकची शेवटची दिशा एकाच फ्रेममध्ये पडावी लागते. एका बाजूने पक्का बसलेला हात दुसऱ्या बाजूने पुन्हा पहिल्यापासून शिकतो.

कॉम्बोंबद्दल एक. १९९१च्या ‘स्ट्रीट फायटर २’मध्ये कॉम्बो मुद्दाम घातलेले नव्हते. मोटार फोडायच्या बोनस फेरीची तपासणी करताना निर्माते नोरिताका फुनामिझू यांच्या ध्यानात आलं की एका ठोशाच्या पाठोपाठ दुसरा न थांबता बसवता येतो. फार कठीण आहे, कुणी वापरणार नाही, असं समजून तो दोष तसाच ठेवला. आज प्रत्येक फायटिंग गेम त्यावर उभा आहे.

७. पॅडला दोष देऊ नका

फ्रान्सचा लफी २०१४ साली इव्होमध्ये ‘अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४’ जिंकला तो पहिल्या प्लेस्टेशनच्या जुनाट पॅडवर. समोर हजारो रुपयांच्या आर्केड स्टिक होत्या. नेदरलँड्सचा स्वेन नावाचा खेळाडू पूर्णपणे अंध आहे, तो नुसत्या आवाजावर खेळतो. ‘स्ट्रीट फायटर ६’मध्ये तर दोघांमधलं अंतर कानाला कळावं म्हणून वेगळे आवाज दिले आहेत.

याच गेममध्ये ‘मॉडर्न’ पद्धत आहे, एका बटणाने शोर्युकेन निघतो. जुने खेळाडू नाकं मुरडतात. माझं मत स्पष्ट आहे: येऊ द्या. एका बटणाने काढलेल्या खास डावाचा मार २० टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे किंमत मोजावी लागतेच. आणि मुलगा पहिल्या दिवसापासून अंतराचा आणि अंदाजाचा विचार करायला लागतो, महिनोन् महिने बोटांशी झगडत बसत नाही.

८. शेजारी तगडा हवा

या सगळ्या यादीत मला हा मुद्दा सर्वांत जवळचा आहे.

२०१९च्या फेब्रुवारीत जपानमधल्या फुकुओका इथे इव्हो जपान झाली. टेक्केन ७ म्हणजे कोरिया आणि जपानचं राज्य. तिथे लाहोरचा अर्सलान अॅश जिंकला. बाहेर त्याचं नाव फारसं कुणी ऐकलेलं नव्हतं. जिंकल्यावर तो सांगत राहिला की माझ्या घरी माझ्या तोडीचे आणखी आहेत. ऐकणाऱ्यांना तो विनय वाटला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लास वेगासला त्याने मुख्य इव्हो जिंकली, अंतिम फेरीत कोरियाच्या नीला हरवून. नी म्हणजे बे जे-मिन, टेक्केनमधला दादा माणूस. पुढे नी स्वतः पाकिस्तानात जाऊन तिथल्या मुलांशी खेळून आला आणि अर्सलान खरं बोलत होता हे दिसलं. २०२२च्या टेक्केन वर्ल्ड टूरचं विजेतेपदही पाकिस्तानच्याच आतिफ बटने घेतलं.

हे कसं झालं? व्हिसा मिळवताना घाम फुटायचा, पुरस्कर्ते नव्हते, बाहेरच्या स्पर्धांना जाणं मुश्किल. होत्या त्या खोल्या. तिथल्या पार्लरमध्ये, कॅफेत तीच मुलं दिवसच्या दिवस एकमेकांशी खेळत होती. अर्सलानही आधी किंग ऑफ फायटर्स खेळत मोठा झालेला. एकाने नवा डाव काढला की आठवड्याभरात सगळ्या गल्लीला त्यावर तोड सापडायची, मग पहिल्याला पुन्हा काहीतरी नवीन शोधावं लागायचं. जगाला ते दिसत नव्हतं, पण आतल्या आत सगळे वर चढत होते.

हे लिहिताना मला राजारामपुरी आठवते आणि हळहळ वाटते. तोच ‘९७’ आमच्याकडे होता, तशीच रांग होती, तशीच भांडणं होती. आमची पार्लरं बंद पडली, मुलं आपापल्या घरी एकेका कॉम्प्युटरपुढे जाऊन बसली आणि रांग मोडली. हुन्नर कमी नव्हता. एकमेकांना वर ढकलणारी गर्दी गेली.

९. विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका

आमच्याकडे मुली खेळायला येऊ लागल्या तेव्हा मी एक गोष्ट पाहिली. मुलगा हरला तर त्याला दोन मिनिटं एकटं सोडतात. मुलगी हरली, कधीकधी जिंकली तरी, तिला तीन जण समजावायला धावतात. एक मुलगी सरळ म्हणाली, “सर, मला शिकवायला इतके लोक नकोत, खेळायला हवेत.” तेव्हापासून नियम केला: मागितल्याशिवाय सल्ला नाही, मागितला तर हातचं राखायचं नाही. सगळ्यांसाठीच. खोलीतलं वातावरण बदललं आणि मुलांचाही खेळ सुधारला, कारण प्रश्न नीट विचारायची सवय लागली. ‘मी का हरलो’ याला कुणाकडे उत्तर नसतं. ‘मी कोपऱ्यात उठताना तू दोन्ही वेळा थ्रो मारलास, तो का?’ याला असतं.

१०. एकदा हरून स्पर्धा संपत नाही

मोठ्या स्पर्धांत दोनदा हरल्यावरच बाहेर पडतात. पहिल्या पराभवानंतर खेळाडू खालच्या फळीत जातो आणि तिथून चढत अंतिम फेरी गाठू शकतो, फक्त तिथे त्याला समोरच्याला दोनदा हरवावं लागतं. २०१७च्या इव्होत तोकिदो असाच आला. टोकियो विद्यापीठात शिकलेला, तिशी ओलांडलेला तोकिदो, आणि समोर अमेरिकेचा तरुण पंक, जो त्या वर्षी कुणाला ऐकत नव्हता. तोकिदोने दोन्ही सेट घेतले. तो अंतिम सामना मी मुलांना दाखवतो आणि पंकच्या खेळात कुठून घाई शिरायला लागते ते शोधायला लावतो. त्यांना ती जागा सापडते.

११. वयाचा बाऊ करू नका, जागेची सोय करा

२०२३ साली हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-स्पोर्ट्सला पहिल्यांदा पदकं होती. ‘स्ट्रीट फायटर ५’चं सुवर्ण दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं, वयाच्या ४४व्या वर्षी. अंतिम सामना ४-३ असा गेला. बोटं विशीत जास्त चपळ असतील, पण दुसऱ्या मुद्द्यातला हिशेब आठवा: चार फ्रेमपुढे विशीतलाही हतबल असतो. अंदाज ज्याचा पक्का त्याला वयाची सवलत मिळते.

त्याच स्पर्धेत भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास खेळले. डिसेंबर २०२२मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग म्हणून मान्यताही दिली आहे. पैसा मात्र मोबाइलवरच्या बंदुकीच्या खेळांकडे जातो, फायटिंग गेमच्या वाट्याला थोडाच येतो. माझं म्हणणं आहे, पैशाची वाट बघू नका. आज फायटिंग गेमच्या जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक असलेली इव्हो १९९६ साली सनीवेलमधल्या एका पार्लरमध्ये ‘बॅटल बाय द बे’ या नावाने सुरू झाली. इव्होच्याच संस्थापकांपैकी टोनी कॅनन याने ऑनलाइन खेळातला अडथळा कमी करणारं रोलबॅकचं तंत्र बनवलं. समोरच्याची पुढची चाल गृहीत धरून चित्र लगेच दाखवायचं आणि अंदाज चुकला तर गुपचूप दुरुस्त करायचं. त्यामुळे सांगली-लातूरच्या मुलाला आज घरबसल्या परदेशातल्याशी खेळता येतं. शेजारच्या गल्लीत त्याच्याच जोडीचा कुणी आहे की नाही, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. ते कळायला गावात एक खोली, दोन-तीन पडदे आणि आठवड्याचा एक ठरलेला वार पुरतो. वाचनालयाचा हॉल चालतो, क्लासची खोली चालते, कुणाची गच्चीवरची शेडही चालते. सुरू करणाऱ्यांना एकच तांत्रिक सूचना: कॉम्प्युटरचा मॉनिटर मिळाला तर उत्तम. टीव्हीच वापरायचा असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा, नाहीतर चित्र उशिरा उमटतं आणि मुलं आपल्या हातांना नावं ठेवत बसतात.